पुस्तकं शिवणाऱ्या बाईंचा अभिप्राय

आमच्या वाचनालयात पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंना मुलं डिंकताई म्हणत. त्या डिंक वापरत नसत, घरी शिजवलेली खळ वापरत, आणि हे त्या प्रत्येक मुलाला बसवून समजावून सांगत. उपयोग शून्य. मी तिथला ग्रंथपाल. माझा स्वभाव तापट, त्यांचा हट्टी, त्यामुळे एकतीस वर्षांत आमचं वाजलं नाही असा आठवडा शोधून सापडायचा नाही. पण पुस्तकांवर इतका जीव टाकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कुणी पान दुमडलेलं दिसलं की त्याला उभ्या उभ्या झापायच्या. एकदा मीही सापडलो होतो.

मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल. त्यावर सुया, मेण लावलेला दोरा, पुठ्ठे आणि पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. पुस्तक हातात आलं की आधी नुसतं चाळायच्या आणि डॉक्टरसारखं निदान सांगायच्या. "ही कादंबरी साठाव्या पानापर्यंत मळलीय, पुढे कोरी करकरीत. लोकांनी कंटाळून सोडली." मी ती वाचलेली असायची, आणि साठाव्या पानावर मीसुद्धा सोडलेली असायची.

पलीकडच्याच गल्लीत एक लेखक राहत. कविता, कादंबऱ्या, मुलांची पुस्तकं, तिन्ही लिहिणारे. त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार म्हणून एका मासिकानं एका मोठ्या समीक्षकांना त्यांच्यावर लेख लिहायला सांगितलं. एका दुपारी ते समीक्षक लेखकांनाच बरोबर घेऊन वाचनालयात आले. डिंकताईंच्या निदानाबद्दल त्यांनी कुठंसं ऐकलं होतं, आणि कल्पना त्यांना फार आवडली होती. मी लेखकांची सगळी पुस्तकं डिंकताईंच्या टेबलावर आणून ठेवली.

मुलांची पुस्तकं प्रत्येकी चार-पाच वेळा बांधलेली. "ही मुलं झोपताना उशीखाली घेतात," डिंकताई म्हणाल्या. समीक्षक खूश झाले. "मुलांना शहाणं करायचा सोस नाही ना यात! मी हेच लिहिणार आहे." मग कादंबऱ्या. एकीच्या शेवटच्या प्रकरणावर चहाचे डागच डाग. "इथे लोकांचं हातातल्या कपाकडे लक्ष राहत नाही." समीक्षकांनी तेही वहीत घेतलं. हे लेखक आपल्या पात्रांकडे शेजाऱ्यासारखे बघतात, कुणाचा न्यायनिवाडा करत नाहीत, असं ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

शेवटी कवितासंग्रह. वीस वर्षांपूर्वीचा, पण पानं काल छापल्यासारखी.

"कविता उत्तमच आहेत, तसं लिहीनच," समीक्षक म्हणाले. "पण त्या कुणापर्यंत पोचल्या नाहीत, हेही लिहावं लागेल. बाई, तुमच्याच पद्धतीनं सांगा, चूक आहे का?"

"बरोबर आहे. लिहा तसं," लेखकच घाईनं म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मुलांसाठी लिहिताना मजा येते, कादंबरीत वेळ जातो, पण कवितेत एक ओळ खोटी निघाली तर झोप लागत नाही, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. समीक्षकांना काहीतरी खरमरीत ऐकवावं म्हणून मी मागच्या पानावरची, पुस्तक घरी नेल्याच्या तारखांची चिठ्ठी पाहिली. वीस वर्षांत चार तारखा. पुस्तक मिटून ठेवलं.

डिंकताई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली.

"चूक आहे," त्या म्हणाल्या. "चाळीसनंतरचं पान बघा."

मी उघडून पाहिलं. चाळीस, आणि समोर थेट त्रेचाळीस. मधलं पान नव्हतं, पण बांधणीत कुठे फट नाही, कुठे सैलपणा नाही.

"मी काढलं. एकोणीस वर्षं झाली. एक पान काढलं की जोडीचं पान सुटतं, ते आतून चिकटवलं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पान फाडलं म्हणून याच बाईंनी सख्ख्या भाचीचं सभासदत्व माझ्याकडून रद्द करून घेतलं होतं! पण त्यांच्याकडे बघितलं आणि राग जागच्या जागी विरला. एकतीस वर्षांचं नाव त्यांनी टेबलावर काढून ठेवलं होतं.

"आमचे हे सात महिने अंथरुणाला खिळून होते," त्या लेखकांना म्हणाल्या. "रोज संध्याकाळी मी त्यांना त्या पानावरची कविता वाचून दाखवायचे. ते गेले. पुस्तक परत आणायची वेळ आली, आणि ते पान काही देववेना."

"अहो, मग उतरवून घ्यायची!" मी म्हणालो.

"घेतली होती की. पण माझ्या अक्षरात ती नुसती माझीच रड वाटायला लागली. छापलेली असली की कळायचं, हे आणखी कुणालातरी झालंय."

समीक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते. अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण एकोणीस वर्षांत पान गेलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे..."

"म्हणजे तुमचंच खरं!" लेखक मोठ्यानं हसले. "लिहा तसंच. एक अक्षर बदलू नका." आणि ते डिंकताईंच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. "ताई, एक कोरा कागद द्या. मी हातानं लिहून देतो, तुम्ही शिवून टाका. ते पान तुमच्याकडेच राहू दे."

डिंकताईंनी पुस्तकाच्या मापाचा कागद कापून दिला. लेखकांनी वर कवितेचं नाव लिहिलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं. छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"पुढे काय होतं हो?"

डिंकताईंनी चष्मा काढून ठेवला आणि सांगायला लागल्या. सावकाश, प्रत्येक ओळीनंतर थांबत. लेखक मान खाली घालून लिहून घेत होते. मधेच त्यांनी मान वर केली.

"इथे मी असं लिहिलं होतं?"

"असंच," त्या म्हणाल्या. "पुढे घ्या."