मापाड्याने घेतलेली सायकल

भंगाराच्या गोदामात लोखंडाच्या काट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. सगळे त्याला मापाडी म्हणत. बायकोही माहेरी बोलताना 'आमचे मापाडी' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती हे तिचं तिलाच ठाऊक. वस्तू नुसती हातात घेऊन तो वजन सांगायचा आणि काटा त्याचं म्हणणं पाव किलोच्या आत खरं करायचा. विद्या खरीच, नाही कशाला म्हणा! पण एक विद्या अंगात आली की काही माणसांना वाटतं, बाकीच्या सगळ्या तिच्या मागून आपोआप चालत येतात. पंखा घ्यायचा असो, कुकर असो की खुर्ची, हा गडी दुकानात आधी ती वस्तू उचलून बघणार. जड ते टिकाऊ, हलकं ते फसवं. घरातलं कपाट इतकं जड, की त्याच्या मागची भिंत अकरा वर्षांत कुणी पाहिली नव्हती. इस्त्री इतकी जड, की बायकोचं मनगट कायमचं दुखावलं. "मनगटच कुचकामी तुझं," असं म्हणून त्याने विषय मिटवला, आणि इस्त्री तीच राहिली.

त्याला एकच लेक. वीस वर्षांची, औषधांच्या कारखान्यात खोकी भरायच्या कामाला. दिवसभर उभ्याने खोकी भरायची आणि सुटी झाली की मैत्रिणीची सायकल घेऊन डोंगराकडे पळायची. अंगाने बारीक पण चिवट. हट्ट बापाचाच, फक्त तोंड त्याच्याएवढं चालत नव्हतं.

डोंगरात वाट चुकलेल्या, पाय मोडून पडलेल्या लोकांना खाली आणणारं एक बचाव पथक होतं. त्या वर्षी पथकाला आठ नवी माणसं हवी होती. दोन वर्षं शिकवणार, राहायला खोली, हातात पगार आणि पुढे कायमची नोकरी. परीक्षा एकच. स्वतःच्या डोंगरी सायकलवरून मातीच्या रस्त्याने नऊ किलोमीटर चढून वरच्या मनोऱ्यापाशी पन्नास मिनिटांत पोचायचं. मैत्रिणीच्या सायकलवर लेक तो चढ चव्वेचाळीस मिनिटांत चढली होती, तेही दोनदा. पण मैत्रीण लग्न होऊन लांब गेली आणि तिची सायकलही तिच्याबरोबर गेली. वयाची अट एकवीसच्या आतली, आणि लेकीला एकवीस पूर्ण व्हायला दोन महिने उरलेले. म्हणजे पुढच्या वर्षी बघू वगैरे काही नाही. या खेपेला जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर खोकी.

साठवलेल्या पैशात सायकलची निम्मीच किंमत भागत होती. उरलेले तिने बापाकडे मागितले.

"निम्मे पैसे माझे, म्हणजे निम्मी अक्कलही माझीच लागणार," मापाडी म्हणाला.

"सायकल मी ठरवून ठेवलीय, बाबा. दोन महिने चौकशी करतेय."

"मग निम्मीच आण. पुढचं चाक, घंटी आणि एक पायडल."

आई हसली. लेकही हसली, कारण पैसे मिळणार होते.

परीक्षेला तीन आठवडे असताना एका सुटीच्या दिवशी दोघं दुकानात गेली. लेकीने ठरवलेली सायकल दारातच उभी होती. राखाडी रंगाची, पुढे स्प्रिंग नाही, मागे स्प्रिंग नाही, नजरेत भरावं असं काहीच नाही. पण पोरीने अभ्यास पक्का केला होता. थोड्या पैशात चांगली स्प्रिंग येतच नाही, तेव्हा तिचा नाद सोडायचा आणि पैसे सांगाड्यात, गिअरमध्ये, ब्रेकमध्ये जाऊ द्यायचे. दुकानदार पंचविशीतला, बोलका. तिचं ऐकून तो म्हणाला, "काका, अर्ध्या गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून माझा घसा बसतो. ही शिकूनच आलीय."

मापाड्याने पिशवीतून हाताचा ताणकाटा काढला.

होय, भर दुकानात. आकडा सायकलच्या मधल्या दांडीत अडकवला, दोन्ही हातांनी उचलली आणि नाक मुरडलं. "बारा किलो सातशे. एवढ्या पैशात फक्त बारा?" मग त्याची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे एक लालभडक सायकल होती. पुढे जाड स्प्रिंग, मागे त्याहून जाड स्प्रिंग, दांड्या मनगटाएवढ्या, आणि सीटवर बोट फिरवलं तर नाव लिहिता येईल एवढी धूळ. किंमत तेवढीच. काटा लावला तर एकोणीस किलो.

"हे बघ! तेवढ्याच पैशात सहा किलो माल जास्त."

"काका," दुकानदार सरळ मनाने म्हणाला, "चढावर ते सहा किलो हिलाच ओढायचेत. आणि या किमतीतल्या स्प्रिंगा नुसत्या शोभेच्या. चढाला घेऊ नका ही."

इथे मापाड्याने गप्प बसायचं होतं. पण गप्प बसेल तर तो मापाडी कसला! "तू मला शिकवणार? तुझ्या जन्माआधीपासून मी लोखंड तोलतोय. हलका माल जास्त भावाने खपवायचा, धंदाच तुमचा तो. चोर आहात लेको!" हे एवढ्या मोठ्याने, की दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

दुकानदाराचा चेहरा उतरला. मग तो गोड हसला. "चुकलं माझं, काका. तुमच्यासारखं पारखी गिऱ्हाईक आजवर पाहिलं नाही. ही लाल मी सहसा कुणाला दाखवतसुद्धा नाही."

दोन वर्षं ती कुणी घेत नव्हतं. मापाड्याची छाती मात्र फुगली.

लेकीने दोन्ही सायकली गल्लीत चालवून बघायचा हट्ट धरला. राखाडीवरून एक फेरी मारून आली ती हसतच. लालवर बसली तर पायडल मारलं की सीट खाली जाई आणि सोडलं की वर येई. पायातला निम्मा जोर त्या स्प्रिंगाच खाऊन टाकत होत्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन ती सायकल हातात धरून परत आली. "बाबा, राखाडीच घेऊ. एवढं एकदा ऐका माझं."

"का? हसू आलं म्हणून? हसण्याचं वजन किती?"

पोरीचे डोळे भरले. दुकानदाराने ते पाहिलं, आणि तरी बिल फाडलं. "पंधरा दिवसांत बदलून मिळते, काका. पण तुमच्यावर ती वेळ कशाला येईल?" मनात आणलं असतं तर तो आणखी एकदा सांगू शकत होता. पण चोर म्हणवून घेतल्यावर कोण कुणाचं भलं करतो? भांडण दोघा बाप्यांचं, आणि भुर्दंड पडला तो तिसरीला.

पहिल्या दिवशी तिला एकसष्ट मिनिटं लागली. नंतर एकोणसाठ. पहाटे उठून डोंगर चढायची, तशीच कामावर जायची, आणि संध्याकाळी मांड्यांना तेल चोळत बसायची. एकदा सायकल पुसताना सीटच्या खाली, दांडीवर चिकटवलेला एक कागद तिला दिसला. 'खडबडीत रस्त्यावर वापरू नये.' डोंगरी म्हणून विकलेल्या सायकलवर! तिने तो बापाला वाचून दाखवला. त्याने स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि तो कागद खरवडून काढला. "कंपन्या हात झटकायला असलं काहीबाही लिहितात. पायात दम पाहिजे, दम!"

बाराव्या दिवशी गोदामात एक बाई दोन पोती घेऊन आली. एकात लोखंडाचे तुकडे, दुसऱ्यात ॲल्युमिनियमची जुनी भांडी. भांड्यांचा भाव लोखंडाच्या चौपट ऐकून ती चकित झाली. "एवढं हलकं पोतं, आणि त्याचेच जास्त?"

"अहो बाई, हलकं आहे म्हणूनच तर महाग," मापाडी म्हणाला.

म्हणाला, आणि तिथेच थबकला. एकतीस वर्षं हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा बोलत आला होता. काट्यावरचं पोतं उतरवायचं राहिलं, बाई दोनदा "दादा, अहो दादा" म्हणाली, तेव्हा कुठे तो भानावर आला. त्या संध्याकाळी खिशात चुंबक घालून तो घरी गेला आणि कुणी नाही असं बघून ते लाल सांगाड्याला लावलं. चुंबक खटकन बसलं. नुसतं लोखंड. एकोणीस किलो लोखंड, वर लाल रंग. लेकीला, बायकोला तो काही बोलला नाही.

सायकल बदलून घ्यायला अजून तीन दिवस होते. बिल कपाटात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी सुटी काढून तो दुकानाच्या समोरच्या फुटपाथपर्यंत गेलासुद्धा. काचेतून दुकानदार दिसत होता. कुठल्याशा गिऱ्हाइकाला हातवारे करून काही सांगत होता आणि दोघं पोट धरून हसत होती. कशावर हसत होती देव जाणे. मापाड्याला वाटलं, ताणकाट्याचीच गोष्ट चाललीय. आता आत जायचं, 'बदलून दे' म्हणायचं, आणि त्याने सगळ्यांसमोर तसंच गोड हसायचं! नको. तो रस्ता न ओलांडताच माघारी फिरला. त्याच्या आणि दुकानाच्या मध्ये वीस पावलं होती, त्याहून जास्त नाही. पंधरावा दिवसही तसाच गेला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरं खालून सुटली आणि बरोबर आलेल्या माणसांना जीपमधून वर नेलं; लेकीची आई घरीच राहिली होती. माणसाने निदान त्या दिवशी तरी तोंड आवरावं! पण जीपमध्ये कुणीतरी विचारलं, "तुमच्या मुलीची ती लाल का? फार जड वाटते हो," आणि याची गाडी सुटली. जडच कशी चांगली, दुकानदाराला आपण कसा सरळ केला, हलक्या मालाला लोक कसे भुलतात. जीप वर पोचेपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

पन्नास मिनिटांच्या आत सहा जण आले. लेक त्रेपन्नाव्या मिनिटाला आली. उतरली नव्हती, ढकलत नव्हती, चालवतच आली. मनोऱ्यापाशी पोचल्यावर तिला पायडलवरून पाय काढता येईना, दोघांनी धरून उतरवली. ओठांवर माती, आणि पोटऱ्या नुसत्या उडत होत्या.

पथकाची प्रमुख एक पन्नाशीची बाई होती. हातातलं घड्याळ बंद करून ती सायकलपाशी गेली, एका हाताने उचलायला बघितली आणि खाली ठेवली. मग पोरीकडे बघितलं.

"या धुडावर त्रेपन्न? चांगल्या सायकलवर किती?"

"चव्वेचाळीस."

"वाटलंच. हे बघ, डोंगरात चुकीचं सामान नेलं की माणसं मरतात. सायकल निवडणं हाही आमच्या परीक्षेचाच भाग. तू निवडली असशील तर माझा नाइलाज आहे. पण दुसऱ्या कुणी गळ्यात मारली असेल तर तसं सांग. पथकाची सायकल देते, उद्या सकाळी एकटीला पुन्हा चढू देते. तेवढं माझ्या हातात आहे. कुणी निवडली?"

लेकीने बापाकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. ती वाट बघत होती, आणि ते मापाड्याला नीट कळत होतं. जीपमधली माणसं त्याच्या मागेच उभी होती. तोंडातून फक्त दोन शब्द काढायचे होते: मी निवडली.

"तिनेच निवडली," तो म्हणाला. "आजकालची पोरं ऐकतात कुठे आपलं?"

मागे कुणीतरी हळूच खाकरलं. बाईने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तू सांग," ती पोरीला म्हणाली. "खरं आहे हे?"

बापाला चारचौघांत खोटं पाडायचं त्या पोरीला जमलं नाही. आयुष्यभर त्याच्याशी भांडत आली, आणि नेमकं जिथे भांडायला हवं होतं तिथेच तिची जीभ उचलली नाही. "हो," ती म्हणाली. "मीच निवडली."

बाईने आणखी क्षणभर वाट पाहिली. मग वहीतल्या नावावर रेघ ओढली आणि पुढच्या मुलाकडे वळली.

घरी आई दारातच उभी होती. दोघांचे चेहरे बघून काय झालं ते तिला कळलं. हातपाय धुऊन तिघं जेवायला बसली, लेकीने त्रेपन्न मिनिटं लागल्याचं सांगितलं आणि आईचा संताप तिच्यावरच निघाला. "पोटाला चिमटा घेऊन पैसे दिले त्या माणसाने. सुटीचा दिवस घालवून तुझ्यामागे हिंडले, आज दिवसभर उपाशी. आणि तू काय दिवे लावलेस? तीन मिनिटं! तीन मिनिटं निघाली नाहीत तुझ्याच्याने? अगं, निदान माफी तरी माग त्यांची."

मापाड्याने घास हातात धरला होता. तो तसाच थांबला.

लेकीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली.

बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर शेजारची मुलं खेळत होती, त्यांचा आरडाओरडा घरात ऐकू येत होता. लेक मान खाली घालून जेवायला लागली होती.

"असू दे," मापाडी म्हणाला. "या खेपेला माफ केलं."