गुलब्याच्या गळ्यातली बारी

आमच्या गावची वीज एका बैलानं घालवली, हे खरं आहे. बैल माझा होता, हेही खरं आहे. डोकंही माझंच होतं. बैलाला दोष देण्यात अर्थ नाही.

मुरुमच्या अलीकडं आमचं गाव. गावात विजेची डीपी एक, आणि तिच्या जिवावर धंदे तीन! माझी पिठाची गिरणी, दाजींची (म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची) लाकूड कापायची आरा मशीन आणि गुंडूकाकांची डाळगिरणी. दुष्काळात शेतानं हात वर केले, म्हणून तिघांनी मोटारी बसवल्या होत्या. पण डीपीला झेपायची एकच. दुसरी चालू झाली की पहिली कण्हायला लागायची, आणि तिसरी लावली की फ्यूज उडालाच! मोठी डीपी ‘येणार’ होती. (कुठून निघाली होती, देव जाणे.) तालुक्याहून सायकल मारून मारून वायरमन कावला होता.

“आता येकदा फ्यूज उडू द्या,” तो म्हणाला, “तिघांची बी लाईन तोडतो!”

मग विहिरीच्या पाण्याला भाऊभाऊ पाळी लावतात, तशी आम्ही विजेला बारी लावली. युक्ती माझी. (हे मी तेव्हा न विचारताही सांगायचो!) आमचा बैल गुलब्या चाऱ्याच्या छावणीत होता आणि त्याची घुंगुरमाळ खुंटीला रिकामी लोंबत होती. ठरलं, माळ ज्याच्या दारात, मोटार त्याची. माळ एक, म्हणून मोटार एक. बारी बदलली की मी घुंगरं वाजवत माळ पुढच्या दारात पोचवायचो. फ्यूज उडायचा थांबला. धंदे चालले. लोक मला ‘इंजिनेर’ म्हणू लागले. तिथंच घात झाला.

मग एका वर्षी पाऊस बरा झाला, गुलब्या घरी आला आणि पोळा उजाडला. गिरणीसमोर गव्हाच्या डब्यांची ही रांग! काकांकडं पुरणाची डाळ भरडायची होती, दाजींकडं वेशीतल्या तोरणाच्या फळ्या कापायच्या होत्या. बारी आमची होती. आमची कारभारीण कमल गिरणीवर बसली आणि मी गुलब्याला झूल घातली, शिंगं रंगवली. पण गळा कसा मोकळा मोकळा दिसत होता. दाराला माळ होतीच. घातली!

आणि निघालो मिरवत. दाजींच्या दारात गूळ मिळतो, हे गुलब्याला ठाऊक. तिथं तो थबकला. घुंगरं वाजली. आतून दाजी ओरडले, “आली का बारी? लई लवकर आली की!” आणि मशीन घरघरली. मला वाटलं, बैलाला सलामी देतायत!

पुढं काकांचं दार. बहिणीनं दिलेला गूळ चघळत गुलब्यानं मान हलवली. छुम छुम!

“आरं, माजी बी आली व्हय? वा रं पोळा!” काकांनी खटका ओढला.

फाट्! डीपीवर ठिणग्या उडाल्या आणि तिन्ही मशीनी एकदम गप्प.

“बघा काका,” मी छाती काढून म्हणालो, “माझ्या बैलापुढं मोटारी बी दबकून हायत!”

तेवढ्यात कमल पिठानं पांढरीफटक होऊन धावत आली. “अवो, दाराची माळ कुठं गेली?”

मी गुलब्याकडं पाहिलं. गुलब्यानं माझ्याकडं. दोघांत शहाणा कोण, ते गावानं तिथंच ठरवलं.

वायरमन आला तो पक्कड परजतच. मागं बायका रिकामे डबे घेऊन उभ्या. लाईन तुटली, तर पोळी आजची जाणार आणि भाकरी रोजची!

“बारी कुणाची होती?” तो गरजला.

आम्ही तिघं एकमेकांकडं बघू लागलो. शेवटी काका म्हणाले, “सायेब, खोटं कशाला बोलू? माळ बैलाच्या गळ्यात. बारी त्याचीच!”

वायरमन गुलब्याकडं बघत राहिला. मग मिशीतल्या मिशीत हसला. “पोळ्याच्या दिशी बैलाची लाईन तोडली, तर गाव मला बी जेवू घालायचं न्हाय.” त्यानं फ्यूज बांधला. “पर ती खूण जरा न चालणारी ठिवा की राव!”

दिवस मावळायच्या आत पीठ झालं, डाळ झाली, तोरणही उभं राहिलं. सगळं बारीनं. वायरमन जेवून गेला.

न चालणारी खूण म्हणून काकांनी जात्याची वरची जड दगडी तळी काढून दिली. ती दारोदार पोचवायचं काम ‘इंजिनेरा’कडंच. वर्षभरात फ्यूज एकदाही उडाला नाही. उलट त्याच डीपीवर चौथा, मसाला कुटायचा डंका बसला. म्हणजे माझी एक खेप वाढली!

पुढच्या पोळ्याला कमल आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. गुलब्यानं मान पुढं केली. त्याला ओलांडून तिनं पहिला टिळा माझ्या कपाळाला लावला.

“आगं, बैल तिकडं हाय!”

“दिसतोय की,” ती म्हणाली, “पर वर्षभर वझं कुणी वाह्यलं?”