शेवंतीवर चिडलेलं रक्त

नाशिकला आमच्या प्रयोगशाळेत एकदा शेवंती पिकवणाऱ्या एक मावशी आल्या. फुलं खुडताना त्यांना दम लागायचा. ॲलर्जी तपासायला मी त्यांच्या रक्तात शेवंतीच्या परागांचा अर्क मिसळला, रंग घातला आणि नळी मशीनला लावली. चिडलेल्या पेशी स्क्रीनवर लाल ठिपके होऊन उमटू लागल्या. पदराने नाक पुसत मावशी पुढे वाकल्या.

"अंगातून बाहेर काढलं, तरी वळखलं यानं?"

"हो. शेवंतीला शत्रू समजतंय ते."

रुसलेल्या लेकराशी बोलावं तशा त्या स्क्रीनशीच बोलल्या, "आरं, तिच्यावरच तर घर चालतं आपलं!"

पेशी किती चिडल्या, हे मी रोज मोजतो. त्यांची समजूत काढताना मात्र मी कुणाला पहिल्यांदाच पाहिलं.