नामदेवची सरकी

बारा जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. राजापेठेतल्या घराला कुलूप लावले आणि अकोल्याची एसटी धरली.

मूर्तिजापूरजवळ एसटीचे चाक पंक्चर झाले. सगळे खाली उतरलो. काळ्या रानात तूर उभी होती, कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. तरुणपणी याच रस्त्याने नामदेव आणि मी सायकलींना चुन्याचा डबा टांगून भिंती शोधत हिंडत असू. मी शिडी धरी, तो लिही: वेगळा विदर्भ. त्याचे अक्षर वळणदार होते.

दुपारी बार्शीटाकळीला पोचलो. नामदेवला आता दिसत नाही. माझा आवाज ऐकून म्हणाला, “मेला नाही का बे तू अजून?” त्याच्या सुनेने सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. मी जुन्या भिंतींविषयी बोललो. तो नुसता हुंकार देत राहिला.

गावातल्या मंडळींनी त्या दिवशी कौल ठेवला होता: विदर्भ वेगळा व्हावा की महाराष्ट्रात राहावा. त्याला सरकारी मोल नाही. पण वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेले, पुढे मध्य प्रदेशात, मुंबई राज्यात, महाराष्ट्रात. नामदेवचे म्हणणे, त्याच्या घरी येऊन कोणी कधी विचारले नाही. मरण्यापूर्वी एकदा उत्तर द्यायचे होते, म्हणून त्याने मला बोलावले होते.

शाळेच्या ओसरीवर पडद्याआड दोन गाडगी होती. लाल फडक्याचे वेगळ्या विदर्भाचे, पांढऱ्याचे महाराष्ट्राचे. प्रत्येकाच्या हाती, आलेल्या पाहुण्याच्याही, एक सरकी (कापसाचे बी). ज्याला दिसत नाही त्याने आपला माणूस सोबत न्यावा, असा नियम. सून पुढे झाली.

“तू मले जपते, बाई. हा जपत नाही,” असे म्हणून त्याने माझा दंड धरला.

आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, “पांढऱ्यावर ने.”

मी जागीच थांबलो. भिंतींवरची अक्षरे कोणाची होती, असे विचारले.

“माहीच होती. हे बी माहंच हाय. मुंबईले आपण दिसत नव्हतो म्हणून लिहिलं. नागपूरले तरी अकोला कुठं दिसते? नवा मालक नाही पाह्यजे मले.”

गाडगी शेजारी शेजारी होती. मी कुठे नेले, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याचे मनगट धरून मी पांढऱ्यावर नेले. सरकी पडली.

“पडली?”

“पडली.”

त्याने पुन्हा विचारले नाही. माझी सरकी मी लाल फडक्याच्या गाडग्यात टाकली.

मोजणी दुसऱ्या दिवशी होती, थांबलो नाही. परतताना वेशीवरची आमची भिंत दिसली. वर जाहिरात रंगवली आहे, खाली चुन्याची एक कड उरली आहे. त्या भिंतीच्या मालकालाही आम्ही कधी विचारले नव्हते.

घरी आल्यावर नामदेवच्या सुनेला फोन करून पोचल्याचे कळवले. बाहीला सरकीचा कापूस चिकटला होता. तो काढला आणि दाराला कडी लावली.