हरीशची फ्रेंच फिल्म आणि माझं तोंड

आमच्या शेजारचा हरीश वानखडे, वय त्रेचाळीस. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका औषध कारखान्यात व्हॅलिडेशन इंजिनिअर आहे. म्हणजे काय, हे मी त्याला चार वेळा विचारलं. "वृंदाताई, मशीन जे करतं असं आपल्याला वाटतं, ते खरंच करतं का, हे मी कागदावर सिद्ध करतो," असं तो म्हणतो. घरीही तेच. स्वयंपाकघरातल्या कपाटावर, ज्याला इथे सगळे प्रेस म्हणतात, डिशवॉशरमध्ये कुठलं भांडं कुठे लावायचं याचा तक्ता चिकटवलाय. त्याची बायको स्वरूपा हॉस्पिटलात ड्यूटी करून येते आणि तक्त्याकडे न बघता भांडी कोंबते. संसार चाललाय.

या माणसाला व्यसन एकच. एक जुनी, काळी-पांढरी फ्रेंच रहस्यफिल्म. लहानशा गावातल्या घड्याळजीकडे एक अनोळखी माणूस घड्याळ दुरुस्तीला टाकतो आणि सहाला येतो म्हणून जातो. घड्याळजी मागचं झाकण उघडतो, तर आत त्याच्या खून झालेल्या भावाचं नाव कोरलेलं! बस, तिथून सहा वाजेपर्यंतची गोष्ट. पुण्यात शिकताना हरीशने ती फिल्म क्लबात पाहिली, त्यानंतर चाळीसेक वेळा.

"अरे, शेवट पाठ आहे तर बघतोस काय?" मी एकदा छेडलं.

"शेवटासाठी कोण बघतंय? तो घड्याळजी घाबरतो ना, तेव्हा त्याला एकटं सोडवत नाही हो."

मी हसले. घरी येऊन नवऱ्याला सांगून हसले, मग बहिणीला फोन करून पुन्हा हसले. हेच माझं काम. पगार नाही, पण सुट्टीही नाही.

मे महिन्यात वर्ध्याहून त्याची आई आली, प्रभाकाकू. काका जाऊन सात महिने झाले होते. तिकडे गल्लीभर आवाज जायचा म्हणे बाईंचा. इथे खिडकीशी बसून राहायच्या. "हो", "नाई", "जेवली", संपलं. हरीशची नऊ वर्षांची लेक रेवती येता-जाता "आजी, यू ग्रँड?", म्हणजे बरी आहेस ना, असं इथल्या पद्धतीने विचारायची, काकू मान हलवायच्या. हरीश कामावरून आला की आईशेजारी बसायचा, आणि बोलायचं काय हे न सुचून रिमोटची बटणं पुसायचा.

परतीचं विमान नऊ दिवसांवर आलं, तेव्हा तो माझ्याकडे आला.

"आई-बाबा दर रविवारी रहस्यकथा मोठ्याने वाचायचे, ताई. खुनी कोण, यावरून जेवण थंड होईपर्यंत भांडायचे. मला ती फिल्म आईला दाखवायचीय. जायच्या आधी एकदा तरी भांडू दे तिला."

काकूंना फ्रेंच येत नाही, आणि इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पडद्यावरून पळून जातात. म्हणून पठ्ठ्याने स्वतः मराठी सबटायटल्स लिहिली होती. आठशे बारा ओळी! आणि कारखान्याची सवय अशी, की एकाने केलेलं दुसऱ्याने तपासून सही करायची.

"दुसरी सही तुमची. फक्त शेवट कुणाला सांगायचा नाही."

"माझ्या तोंडून? शक्यच नाही," मी म्हणाले. त्याने विश्वास ठेवला. इतका हुशार माणूस.

मी शेवटच्या पानापासून तपासायला घेतलं. आधी खुनी, मग ऱ्हस्व-दीर्घ.

बुधवारी काकूंसोबत मटार सोलायला बसले. समोरचं माणूस गप्प असलं की मला घुसमटायला होतं. वीस मिनिटांत माझा साठा संपला: बसचा ड्रायव्हर झाला, नवऱ्याचं कोलेस्टेरॉल झालं, कोपऱ्यावरच्या घरातल्या युअर मॅनने, इथे कुठल्याही अमक्या-तमक्याला असंच म्हणतात, बायकोला सोडलं तेही सांगून झालं. काकू नुसत्या "हं". मग, काय सांगू, मी खुनी सांगितला. कारणासकट. काकू म्हणाल्या, "हं," आणि पुढची शेंग उचलली.

पुढे दोन दिवस मी हरीशला टाळलं. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायलासुद्धा नवऱ्याला पाठवलं. नऊ दिवसांतून त्याने एक दुपार निवडली होती आणि ती मी मटाराच्या सालींबरोबर टाकून दिली होती.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे पडदे ओढले. दुसरी सही म्हणून मला सोफ्यावर मानाची जागा.

"हरीश, मला जरा तुला..."

"श्श! सुरू झाली."

पहिला अर्धा तास काकू नुसत्या बघत होत्या. मग पुटपुटल्या, "थो स्टेशन मास्तर आपला पाय कसा लपवते, पाह्य." हरीश ताठ झाला. पुढे त्यांनी केमिस्टला धरलं, मग घरमालकिणीला. पडद्यावरचं घड्याळ सहाकडे सरकू लागलं तसा त्यांनी लेकाचा हात पकडला. आणि चाळीसेक वेळा पाहिलेल्या लेकाचा श्वास त्यांच्याइतकाच अडकला होता! माझाही. मला शेवट माहीत होता की हो, तरी अडकला.

सहा वाजले. दार उघडलं. काकू उभ्याच राहिल्या.

"आगं माय! हाच?" मग गर्रकन माझ्याकडे वळल्या. "वृंदे, तू खरं सांगतलं होतं?"

हरीशने माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्याच्या फटीत मावते का, याचा अंदाज घेतला.

"हिनं बुधवारीच सांगतलं मले!" काकू सुटल्या. "म्हने कोपऱ्यावरच्यानं बायको सोडली. गुरुवारी ते दोघं केरीहून फिरून आले, लेकरं घेऊन, हातात हात! म्हटलं, हिचं एक बोलनं खरं निंघत नाई, तं खुनी कुठून खरा निंघन? म्हून मी त्याले पयलेच सोडून देल्लं."

बावन्न वर्षांच्या कारकिर्दीत मी एकदाच खरी बातमी दिली, आणि तीही कुणी घेतली नाही.

हरीश रागावणार होता, मला दिसलं. पण तो आईकडे बघत राहिला.

"लाव पुन्हा पयल्यापासून," काकू खाली बसत म्हणाल्या. "माह्यासमोर थो कसा खोटं बोलला, मले पाहाचं हाय. तुह्या बाबानं तं पोस्टमनले धरलं असतं. मरेस्तोवर सोडलं नसतं."

"पोस्टमन? आई, त्याच्याकडे साधी सायकल नाही. पाचला गावाबाहेर जाऊन परत कसा येईल?"

"सायकल नाई म्हूनच! लपवली असन कुठी."

"कुठे लपवेल? अख्ख्या गावात एक नदी आहे!"

"मंग नदीत!"

मी चहा टाकायला उठले. कुणी बस म्हणालं नाही.