आत्याने फेकलेलं टेबल

आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या बातमी आहे की माझ्या आत्याने ऑफिसात साहेबाच्या अंगावर टेबल फेकलं. तळमजल्यावरून बातमी निघाली तेव्हा टेबल लाकडी होतं. दुसऱ्या मजल्यावर ते लोखंडी झालं, चौथ्यावर त्याला काच बसली, आणि आमच्या सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत साहेबाच्या कपाळाला तीन टाके पडले होते. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली, डोळे वर करून विचारलं, "खरं का गं? बाई तशी अंगाने किरकोळ आहे."

खरं एवढंच की टेबल फेकलं. पण ते हे टेबल:

(╯°□°)╯︵ ┻━┻

डावीकडे हात उगारलेला, खवळलेला माणूस. उजवीकडे पाय वर करून पडलेलं टेबल. कंस, गोल आणि रेघा जोडून केलेलं चित्र, जपान्यांनी काढलेलं खूळ. फेकलं ते कंपनीच्या ग्रुपवर, चाळीस माणसांच्या देखत. टाके कुणाला पडले नाहीत. पडले असते तर मला चाललं असतं, पण ते सोडा.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसलेली. लोकांचे मेसेज येतात, ती वाचते आणि कोणत्या मेकॅनिकने कुठे जायचं ते कळवते. घरी माझी आणि तिची खोली एक, आणि त्या खोलीत गेली सहा वर्षं लढाई चालू आहे. तिची पत्र्याची ट्रंक माझ्या टेबलाखाली. माझे कपडे तिच्या खुर्चीवर. मी तिला शटर म्हणते, कारण तिच्या तोंडावर काहीच उमटत नाही. दारात बोट चेमटलं तरी शटर खाली, बक्षीस लागलं तरी शटर खाली. ती मला माकड म्हणते, कारण मी सगळ्यांच्या नकला करते. तिचीही करते. तिची सगळ्यात सोपी: काहीच करायचं नाही.

पण या शटरच्या बाईकडे दोनशेच्या वर चेहरे आहेत. सगळे टाईप केलेले.

कसे, तर ऑफिसातला मेसेजचा प्रोग्राम इतका जुना आहे की त्यातून चित्रं जात नाहीत. पिवळा हसरा गोळा पाठवला तर पलीकडे रिकामा चौकोन उमटतो. कंपनी पूर्वी दारांचे रोलर जपानहून मागवायची, तेव्हा तिकडचा एक माणूस अकरा महिने आत्याशी लिहून बोलत होता. माल उशिरा निघाला की ओळीच्या शेवटी तो हे ठेवायचा: m(_ _)m. म्हणजे दोन्ही पंजे जमिनीवर टेकलेत आणि मधे वाकलेलं डोकं. बिल्डिंगमध्ये याचीही प्रेमकहाणी झालेली आहे. त्या बिचाऱ्याने अकरा महिन्यांत रोलर आणि ब्रेक सोडून एक शब्द लिहिलेला नाही, आणि आत्याला तो पुरुष होता की बाई हेही नक्की माहीत नाही.

मी एकदा तिला विचारलं होतं, सरळ कंस आणि टिंबाचं हसू काय वाईट आहे. ती म्हणाली, "ते आडवं पडलेलं असतं, मान मोडून बघावं लागतं. हे ताठ बसतात. आणि तोंडाकडे बघायचंच नसतं. सगळं डोळ्यांत असतं." हे सांगतानाही शटर खालीच. मी इतकी हसले की तिने माझी उशी बाल्कनीत फेकली. खरी उशी.

आता कामाचं सांगते, कारण भांडण त्यावरूनच झालं. मेकॅनिकला मेसेज पाठवताना आत्या पत्त्यापुढे एक चेहरा लावायची. ग्राहकाला तो दिसत नसे. (-_-) म्हणजे माणूस तुमच्या पाठीशी उभा राहून अक्कल शिकवणार, कानात बोळे घालून जा. (^_^;) म्हणजे पोरांनी सगळी बटणं दाबलीत आणि आईबाप शरमलेत, ओरडू नका. (<_<) म्हणजे चूक यांचीच आहे आणि हे खोटं बोलणार आहेत. आणि (;_;) म्हणजे कुणीतरी खरोखर घाबरलंय. तिथे आधी धावत पोचायचं, आणि कुलपाला हात लावायच्या अगोदर दाराशी बसून आतल्या माणसाशी बोलायचं. हा शेवटचा चेहरा ती महिन्यातून एखाद्याच वेळी वापरायची. म्हणूनच त्याला वजन होतं.

हे सगळं मला लंबूने सांगितलं. लंबू त्यांचा मेकॅनिक, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो, आणि बातम्यांचा उगम त्याच्या घरातून होतो. तो बिचारा खरं सांगतो. त्याची बायको ते पुढे नेते.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात नवे साहेब आले. त्यांचं नाव मी ठेवलं: बेसिकली. चिरका आवाज आणि प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर तो एक शब्द. आत्याला डबा द्यायला गेले होते तेव्हा पाच मिनिटं ऐकला आणि माझ्या घशात कायमचा बसला. "बेसिकली काय आहे ना, आपण प्रोफेशनल आहोत." "बेसिकली, चहा थंड आहे." घरी मी तो काढला की वडील जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचे. आत्या भाजीत बघत जेवायची.

बेसिकलीने या वर्षी चेहऱ्यांवर बंदी घातली. पोरकटपणा, म्हणे. त्याऐवजी फॉर्म आणला, त्यात तीन खाने: सामान्य, तातडीचे, अतितातडीचे. कोणता खाना, ते ग्राहकाने स्वतः निवडायचं. आता मला सांगा, आपली लिफ्ट सामान्य बंद पडलीय असं कोण म्हणेल? पहिल्याच आठवड्यात सगळं शहर अतितातडीचं झालं. मेकॅनिक आंधळ्यासारखे फिरायला लागले. लंबूला एका घरात दीड तास अक्कल ऐकावी लागली, कानात बोळे नव्हते.

मग तो मंगळवार. दुपारी एका फर्निचरवाल्याची लिफ्ट बंद पडली. आत सोफा होता, माणूस नव्हता. त्याने चौदा मेसेज केले, सगळे उद्गारचिन्हांनी भरलेले, सगळे अतितातडीचे. त्याच वेळी दुसरीकडून एक मेसेज आला, सामान्य या खान्यात. "लिफ्ट मधेच थांबली आहे. काही घाई नाही. सवडीने या." दोन मिनिटांनी त्याच नंबरवरून आणखी एक: "याल ना."

नियमाप्रमाणे लंबू सोफ्याकडे जायला हवा होता. आत्याने त्याला दुसरीकडे पाठवलं आणि पत्त्यापुढे बंदी असलेला चेहरा लावला: (;_;).

लंबू पोचला तेव्हा लिफ्टमधला दिवा गेलेला होता. आत चित्रकलेचे एक म्हातारे मास्तर, एकटे, खाली बसलेले. लंबूने कुलपाला हात लावला नाही. दाराशी मांडी घातली, आत कोण आहे ते विचारून घेतलं आणि म्हणाला, मास्तर, घोडा काढायला कुठून सुरुवात करायची? मास्तर आतून म्हणाले, पाठीपासून. घोडा शेपटीपर्यंत आला तेव्हा त्यांचा श्वास जागेवर आला, मग लंबूने दार उघडलं.

सोफा सव्वा तास अडकून राहिला आणि फर्निचरवाल्याने थेट बेसिकलीला फोन केला.

बेसिकलीने आत्याला केबिनमध्ये बोलावून उभं ठेवलं. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत ग्रुपवर सर्वांसमोर लेखी माफी, आणि पुन्हा चेहरा वापरणार नाही अशी हमी. नाहीतर सोमवारपासून तळघरातलं गोदाम. मास्तरांचं ती सांगायला लागली तर तो म्हणाला की ते फॉर्ममध्ये दिसत नाही.

त्या संध्याकाळी वडील ताटावर बसून म्हणाले, "ताई, दोन ओळी लिहून टाक. एकोणीस वर्षांचं टेबल आहे तुझं."

आत्याने पोळीचा तुकडा मोडला. मी बोलले. मी म्हटलं, लिहिणारच ती. गोदामात उंदीर असतात आणि शटरला उंदीर चालत नाहीत. उद्या हात जोडेल बघा, आणि मी तिथल्या तिथे बेसिकलीच्या आवाजात माफी स्वीकारून दाखवली.

आत्याने घास खाली ठेवला. "पैज?"

"लाव."

माझ्याकडे खिडकीकडचा पलंग होता. सहा वर्षांपूर्वी रडून मिळवलेला. वारा तिकडूनच येतो, फोनला रेंजही तिथेच मिळते. तिचा पलंग दाराशी, जिथे पंख्याचा नुसता आवाज पोचतो. ठरलं असं: तिने माफी मागितली तर ती ट्रंकेसकट हॉलमध्ये, खोली माझी. नाही मागितली तर खिडकी तिची. वडील साक्षीदार. त्यांनी कपाळाला हात लावला, तीच सही.

बुधवारी मी निश्चिंत होते. गुरुवारी सकाळी तिला ट्रंकेतून जुना स्वेटर काढताना पाहिलं. तळघरात गार असतं. ही बाई खरंच जाणार होती. आणि माझी खोली माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

मग मी जे केलं ते चांगलं नव्हतं. गुरुवारी दुपारी मैत्रिणीच्या फोनवरून मी आत्याच्या टेबलावर फोन लावला. बेसिकलीच्या आवाजात, चिरका, नाकातून. म्हटलं, बेसिकली काय आहे ना, आपण सगळे एक कुटुंब आहोत. मोठी माफी नको. नुसते दोन शब्द टाका, "चूक झाली", विषय संपला, टेबल तुमचं. मैत्रीण तोंडात ओढणी कोंबून हसत होती. नक्कल अशी बसली होती की बेसिकलीचा यावा तसा मला स्वतःचाच राग आला.

पलीकडून आत्या म्हणाली, "बरं साहेब. उद्या ग्रुपवर बघा."

मी फोन ठेवला आणि हॉलमध्ये तिची ट्रंक कुठे बसेल त्याचा विचार करू लागले. एक मिनिटही झालं नसेल, माझ्या फोनवर आत्याचा मेसेज आला. शब्द एकही नाही. नुसतं हे:

(<_<)

संध्याकाळी ती घरी आली, चहा प्यायली, पाय धुतले, पुस्तक घेऊन बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिथे नेहमीप्रमाणे काही नव्हतं. डोळ्यांकडे बघायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी हिंमत झाली नसती.

शुक्रवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना तिने ग्रुपवर लिहिलं: "साहेब," आणि खाली ते टेबल.

लंबूने मला सगळं नंतर फोनवर दाखवलं. बेसिकलीने विचारलं होतं, हे काय आहे. मग लंबूचं उत्तर: "टेबल आहे साहेब." त्याच्याखाली सगळ्यात थोरल्या मेकॅनिकने, ज्याला जन्मात टाईप करता येत नाही, आत्याचंच टेबल उचलून पुन्हा फेकलं. मग तिसऱ्याने. सहा वाजेपर्यंत ग्रुपवर सतरा टेबलं उलटी पडली होती. बेसिकलीने आत्याला ग्रुपमधून काढलं, सोमवारी गोदामात पाठवलं, आणि तिच्या जागी फॉर्म एकटाच बसवला.

आता ती तळघरात असते. चारी बाजूंनी मांडण्या, दारांचे रोलर, तारेचे दोर, एक बल्ब आणि एक जुना टेलिफोन. उंदीर आहेत. ती त्यांच्याबद्दलही काही बोलत नाही. फक्त झालंय असं की कंपनीतला प्रत्येक मेकॅनिक कामावर निघण्याआधी गोदामात फोन करतो. वरून कुणी ऐकत असेल म्हणून म्हणतो, "मॅडम, एक रोलर हवा होता," आणि हळूच ग्राहकाचा मेसेज वाचून दाखवतो. ती ऐकते आणि आपल्या फोनवरून त्याला एक चेहरा पाठवते. बेसिकलीने परवा पत्रक काढलं की बेसिकली, रोलर अचानक इतके का झिजत आहेत याची चौकशी व्हावी. चौकशी त्याने गोदामाकडेच सोपवली.

पैजेचं राहिलं. त्या शुक्रवारी घरी आल्यावर आत्याने चप्पल काढली, सरळ खोलीत गेली आणि माझी गादी ओढून दाराकडच्या पलंगावर टाकली. मी म्हटलं, मी कुठे नाही म्हणतेय. पण एक सांग, कळलं कसं? आवाज तर शंभर टक्के तोच होता.

तिने खिडकीकडच्या पलंगावर चादर घातली, कोपरे खोचले.

"आवाज तोच होता," ती म्हणाली. "पण तो बोलायच्या आधी घसा खाकरतो. दोन वर्षं ऐकतेय. तू पाच मिनिटं ऐकलंस."

मग ती आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी माझी उशी उचलली आणि दाराशी गेले. तिथे पंख्याचा नुसता आवाज पोचतो.