पाणी शिरलं त्या दिवशी

बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली मिनिटकाका म्हणते. पाच वाजता देतो म्हणाले, की पाच वाजता घड्याळ हातात. भिजलेलं घड्याळ आठवडाभर तसंच मनगटावर मिरवून मग दुकानात येणारं गिऱ्हाईक मात्र त्यांना सहन होत नाही. डोळ्यावरचं भिंग न काढताच ते खेकसतात, "पाणी शिरलं त्या दिवशी का नाही आणलं? आता आत गंज चढलाय, मी काय मंत्र मारू?" गिऱ्हाईक शरमेनं मान खाली घालतं आणि काकांचा दिवस बरा जातो.

अशा या वक्तशीर माणसाच्या घराण्यात एक दुखणं पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. मोठ्या आतड्यात गाठी धरतात आणि लक्ष दिलं नाही, तर त्यांचा कॅन्सर होतो. अर्थात घरात असं अभद्र कुणी बोलत नसे. आजोबा 'उष्णतेनं' गेले. वडील बेचाळिसाव्या वर्षी 'गॅसनं' गेले. इतका जीवघेणा गॅस दुसऱ्या कुठल्या घरात ऐकिवात नव्हता, पण विचारणार कोण? काकांनी मात्र चाळिशीत रक्त पडायला लागल्यावर डॉक्टर गाठला, मोठं आतडं काढून टाकलं आणि वाचले. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन मुली आहेत ना? प्रत्येकीला हे मिळायची शक्यता निम्मी. दहा-बारा वर्षांच्या झाल्या, की रक्त तपासून घ्या. असलं, तर दरवर्षी नळी घालून बघायचं आणि गरज पडली की ऑपरेशन. वेळेत कळलं तर जिवाला धोका नाही."

थोरली तेव्हा दहा वर्षांची होती, धाकटी पाच. आता थोरली सोळाची आहे. मधल्या सहा वर्षांत काकांनी पुष्कळ काही केलं, तपासणी तेवढी राहिली. आधी थोरलीची परीक्षा होती. मग दुकानाला रंग द्यायचा होता. बायकोनं विषय काढला, की काका म्हणायचे, "पोरगी धडधाकट आहे, उगाच सुया कशाला टोचायच्या?" त्यापेक्षा त्यांनी स्वतःचीच पद्धत काढली. थोरली संडासात गेली, की ते बाहेर वर्तमानपत्र धरून बसत आणि मनगटावर मिनिटं मोजत. सहा मिनिटं म्हणजे प्रकृती ठणठणीत. वैद्यकशास्त्राला हे आजवर कसं सुचलं नाही, कोण जाणे!

या महिन्यात मात्र हिशेब बिघडला. सोमवारी अकरा मिनिटं, बुधवारी एकोणीस. रविवारी सकाळी सव्वीस झाली आणि काकांच्या पोटात, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं त्यात, गोळा आला.

"बाळ, पोट दुखतंय का?" त्यांनी दार वाजवलं. "रक्त वगैरे..."

कडी निघाली. थोरली बाहेर आली, तिच्या हातात काकांची हॉस्पिटलची फाइल होती. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे दडवलेली.

"या घरात कडी लागणारं दार एवढंच आहे, म्हणून इथे बसून वाचत होते," ती म्हणाली. "दरवर्षी डॉक्टरांनी लिहिलंय, मुलींची तपासणी करा. आणि दरवर्षी खाली तुमची सही. सहा सह्या आहेत, बाबा. एकदाही चुकला नाहीत."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तपासलं नव्हतं, तोवर तुला काही झालेलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "तुला हे माझ्याकडून आलंय, हे कागदावर वाचायची हिंमत नव्हती गं मला."

"आणि गिऱ्हाइकांवर काय ओरडता हो तुम्ही? पाणी शिरलं त्या दिवशी..."

पुढचं तिला म्हणावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून काका तिला हॉस्पिटलात घेऊन गेले, तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायला महिना लागला. त्या महिन्यात त्यांनी भिजलेली घड्याळं मुकाट्यानं ठेवून घेतली. गल्लीला वाटलं, काकांची तब्येत बिघडली.

दुखणं थोरलीकडे आलं होतं. नळी घालून पाहिलं, तर गाठी होत्या. बारीक, अजून न बिघडलेल्या. काकांना रडू आलं, आणि ते लपवायला डोळ्यावर भिंगही नव्हतं.

"बरं झालं, वेळेवर आणलंत," नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे ऐकायची काकांना जन्मभराची सवय होती.

"वेळेवर नाही," ते म्हणाले. "सहा वर्षं उशिरा आणलंय. मी घाबरलो होतो."

थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी फाइल बंद केली.

"धाकटी आहे ना अजून एक? तिला कधी आणताय?"

"बाहेर बाकावर बसलीय," काका म्हणाले.